डाळिंबाची कळी का गळते, आणि आजोळच्या झाडाचं रोप कसं करायचं

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ठाण्याला सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाजारच्या डाळिंबाचं बी टाकून उगवलेलं तीन वर्षांचं झाड आहे. त्याला कळ्या येतात आणि आठवड्याभरात गळून पडतात, एकही फळ धरत नाही. दुसरीकडे आटपाडीजवळ मामांच्या परसात गणेश जातीचं जुनं झाड आहे, त्याची चव लहानपणापासून जिभेवर आहे आणि त्याचंच रोप घरी हवंय. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की फांदी कशी लावली म्हणजे मुळं फुटतील.

मी सांगोल्याच्या बाजूला रोपवाटिका चालवतो आणि पावसाळाभर आमच्याकडे गुटीचंच, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून तिचं रोप करण्याचं, काम असतं. त्यामुळे आधीच सांगून टाकतो: डाळिंबाला मुळं फुटणं अवघड नाही. अवघड आहे ते फांदी कोणत्या झाडाची घ्यायची हे ठरवणं, आणि रोप लागल्यावर पाण्याचा हात आवरणं. मामांकडचं रोप आणलंत आणि त्यालाही आत्ताच्यासारखंच पाणी घातलंत, तर तीन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल. म्हणून आधी गळणाऱ्या कळीचं बोलू.

पुढची कळी गळेल तेव्हा ती फेकू नका, हातात घेऊन तिचं बूड बघा. डाळिंबाला दोन तऱ्हेच्या कळ्या येतात. एकीचं बूड देठाकडे निमुळतं होत जातं, उमललं की फूल घंटेसारखं दिसतं. उभं चिरलंत तर पुंकेसरांच्या गर्दीत मधली काडी आखूड, खाली दबलेली असते. ही नर कळी. ती गळायचीच, तिला कुठलंही खत घालून फळ धरत नाही. दुसरीचं बूड फुगीर, सुरईसारखं असतं आणि मधली काडी पुंकेसरांच्या बरोबरीनं किंवा वर आलेली असते. आमच्याकडे तिला मादी कळी म्हणतात, खरं तर ती द्विलिंगी असते. फळ धरतं ते हिलाच. चांगल्या बागेतही नर कळ्या भरपूर निघतात. तरुण झाडाला, सावलीतल्या झाडाला आणि पाणी-नत्राने माजलेल्या झाडाला त्या आणखी जास्त. तेव्हा गळलेल्यांत सगळ्या निमुळत्या बुडाच्याच असतील तर झाड आजारी नाही, त्याची राहणी चुकतेय. फुगीर बुडाच्याही गळत असतील तर परागीभवनाकडे बघायचं. सातव्या मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नसतील, तर सकाळी नर फुलावरची पूड मऊ ब्रशने घेऊन मादी फुलाच्या मधल्या काडीच्या टोकाला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

बियाण्याचं झाड आहे म्हणून फळ धरत नाही का, तर तसं नाही. बियाण्याच्या झाडाला फळ धरतं, फक्त ते कसं निघेल याचा भरवसा नाही. भगवा जातीचं टपोरं, लाल डाळिंब खाऊन बी लावलं तर त्यातून आंबट, टणक बियांचं झाडही येऊ शकतं. गणेश जात अशाच निवडीतून आली. फळबाग शास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी या वाणाच्या झाडांमधून ती निवडली. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेश आणि गुल-ए-शाह रेड या वाणांच्या संकरातून मृदुला, आरक्ता आणि आजचा भगवा आला. पण असा मणी हाती लागायला पुष्कळ रोपं लावून पुष्कळ उपटून टाकावी लागतात, आणि बाल्कनीत जागा एकाच झाडाची असते. तुमचं झाड तीन वर्षांचं झालंच आहे, तर काढून टाकू नका. एक हंगाम नीट देऊन बघा.

नीट देणं म्हणजे ताण देणं. डाळिंब हे कोरड्या, उन्हाळ मुलखाचं झाड. पाणी, ऊब असेल तर ते बारा महिने थोडं थोडं फुटत राहतं, थोडी थोडी कळी काढतं, आणि कशालाच पुरं पडत नाही. शेतकरी म्हणूनच बहार धरतो. काही आठवडे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, झाडाला विसावा द्यायचा, मग हलकी छाटणी करून खत-पाणी द्यायचं. साठवलेलं अन्न घेऊन झाड एकदम फुटतं आणि कळी जोरात निघते. मृग, हस्त आणि आंबे हे तीन बहार. कुठला धरायचा ते ज्याच्या त्याच्या पाण्यावर आणि बाजारावर ठरतं.

तुम्हाला बाजार नाही, पण पाऊस आहे. मृग बहारात कळी निघते ती ऐन पावसात, ठाण्याच्या दमट हवेत ती टिकणार नाही. आंबे बहाराची कळी जानेवारी-फेब्रुवारीत निघते, फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे काढणी पुन्हा पावसात. फळं तडकणार, डागाळणार. माझ्या मते कोकणपट्टीत, आणि गोव्यातसुद्धा, कुंडीतल्या झाडाला उशिराचा हस्त बहार सोयीचा. पाऊस थांबला की ऑक्टोबरात ताण, नोव्हेंबरात कळी आणि एप्रिल-मेमध्ये, पुढचा पाऊस यायच्या आत फळ. तुम्ही बाल्कनीची दिशा लिहिलेली नाही. दक्षिणेची असेल तर हा बहार आणखीच बरा, कारण हिवाळ्यात सूर्य खाली येतो आणि ऊन बाल्कनीत आतपर्यंत पोचतं. उत्तरेची असेल तर मात्र खरं सांगायचं तर डाळिंबाचा नाद सोडा, गच्चीवर जागा मिळते का बघा. रोज सहा तास थेट ऊन नसेल तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

कुंडीतल्या झाडाला शेतासारखा महिना-दीड महिना पाणी तोडून चालत नाही. शेतातल्या मुळांना खोलवर ओल सापडते, कुंडीतली मुळं बिचारी भिंतीला टेकलेली. दिवसांचा हिशेब ठेवूच नका, झाडाकडे बघा. पाणी थांबवा, कोवळे शेंडे दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा उभे राहत असतील तोवर काळजी नाही. सकाळीही मान खालीच असेल तर कपभर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. साधारण निम्मी पानं पिवळी होऊन गळली की ताण पुरा झाला. मग शेंड्याकडून वीतभर छाटा, आत शिरलेल्या आणि वाळलेल्या काड्या काढा, वरची दोन-तीन इंच माती मोकळी करून त्यात कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. पहिलं पाणी हलकं द्या, नंतर वाढवत न्या. शेतात पानगळीसाठी इथरेल हे रसायन फवारतात, त्याच्या वाटेला घरी जाऊ नका, कुंडीला गरज नसते. आणि युरिया किंवा दर आठवड्याला द्रवखत देण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. काळोखी हिरवी पानं आणि हातभर लांब सरळसोट फांद्या दिसायला छान वाटतात, पण ते माजाचं लक्षण.

आता मामांचं झाड. फांदी तोडायच्या आधी ते झाड नीट तपासायला सांगा, कारण डाळिंबात रोग येतो तो बहुतेक वेळा रोपाबरोबर. 2000 नंतरच्या दशकात तेल्याने सोलापूर, सांगली, नाशिक भागात लोकांनी बागाच्या बागा उपटल्या, आणि तो गावोगाव पसरण्यात आजारी बागेतल्या रोपांचा मोठा हात होता. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. पानावर आधी पाण्याने भिजल्यासारखा बारीक तेलकट ठिपका पडतो, पान उजेडाकडे धरलं की तो चटकन दिसतो. मग तो काळपट होतो आणि भोवती पिवळी कडा येते. काडीवर काळे चट्टे पडून ती तिथेच मोडते, फळावर काळे डाग पडून तडे जातात. यातलं काहीही दिसलं तर, आजोळचं असो की आणखी कुणाचं, त्या झाडाची काडी आणू नका. ढगाळ, दमट हवेत हा रोग फोफावतो, म्हणजे ठाण्याची हवा त्याला मानवणारीच. झाडाची एखादी फांदी अचानक पिवळी पडून सुकत असेल तर तो मर रोग असू शकतो, तेव्हाही नकोच.

याच कारणाने मुळाशी येणारा धुमारा मुळांसकट उपटून आणायचं मी टाळतो. ते सगळ्यात सोपं आहे, रोपही आईसारखंच निघतं, गावाकडे पिढ्यानपिढ्या तसंच करत आले आहेत. पण मुळांबरोबर तिथली माती येते आणि मातीबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, आणि मर रोगाची बुरशी येऊ शकते. गुटी किंवा काडी घेतली तर माती येत नाही.

गुटी की काडी, हे तिकडे कुणी करणारं आहे का त्यावर ठरेल. मामा किंवा भाऊ दीड महिना लक्ष ठेवणार असतील तर गुटीच करा. तुमची एकच फेरी होणार असेल तर काडी.

गुटी जूनअखेर ते ऑगस्ट या काळात बांधायची. आटपाडीत पाऊस कमी असला तरी हवेत तेवढ्यापुरता ओलावा असतो. पेन्सिलीएवढी जाड, साल तपकिरी झालेली, वर्षभराची निरोगी फांदी निवडा. हिरवी कोवळी नको, जुनी खरबरीतही नको. शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, डोळ्याच्या, म्हणजे जिथून फूट निघते त्या जागेच्या, लगेच खालच्या भागावर धारदार चाकूने गोल काप घ्या, त्याच्या खाली इंचभर अंतरावर दुसरा, आणि मधली सालीची अंगठी अलगद काढा. आता खरं काम. साल निघाल्यावर आतलं लाकूड ओलसर, निसरडं लागतं. चाकूच्या पाठीने ते खरवडून बोटाला कोरडं लागेपर्यंत पुसून काढा. हा निसरडा थर राहिला तर वरची-खालची साल पुन्हा जुळते आणि फांदी मुळं काढायची तसदीच घेत नाही. गुटी बांधून महिना झाला, फांदी हिरवीगार, मुळं मात्र नाहीत, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

वरच्या कापाच्या कडेला, म्हणजे शेंड्याकडच्या बाजूला, मुळं फोडणारं संप्रेरक लावा. कृषी सेवा केंद्रात आयबीएची पूड मिळते. नसेल तरी डाळिंबाला मुळं येतात, जरा उशिरा आणि कमी येतात एवढंच. मग भिजवलेलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मुठीत घट्ट पिळून, पाणी ठिबकायचं थांबलं की, लिंबापेक्षा मोठा गोळा करून कापाभोवती गुंडाळा. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी वरून खाली नीट लपेटून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन मॉस सडतं. महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसायला लागतात. तेव्हा लगेच कापायची घाई होते. थांबा. पांढरी मुळं हात लागला की तुटतात. ती तपकिरी होऊन त्यांना उपफाटे फुटले की गुटीच्या खाली फांदी कापा, निम्मी पानं काढून टाका, प्लॅस्टिक सोडा पण मॉस ओरबाडू नका, आणि पिशवीत लावून महिनाभर तरी सावलीत ठेवा. आटपाडीहून ठाण्याला आणायचं ते ही पिशवी स्थिरावून नवी पानं आल्यावर.

काडी डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या, झाड विसाव्यात असतं आणि छाटणीत ती आपोआप मिळते. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर किंवा थोडी जास्त, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या, वरचा डोळ्याच्या वर तिरका. म्हणजे उलटी लावली जात नाही, आणि उलटी लावणारे पुष्कळ असतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर प्लॅस्टिक लपेटलं की एसटीच्या प्रवासात काही होत नाही. घरी पोचल्यावर खालचं टोक आयबीएच्या पुडीत बुडवून, वाळू मिसळलेल्या मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये दोन-तृतीयांश काडी खोचा आणि बाजूने माती दाबा. एकच नको, आठ-दहा लावा. सगळ्या लागत नाहीत.

काडीच्या बाबतीत लोक फसतात ते पानांवरून. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, पानं येतात, घरात आनंदीआनंद होतो. तो उसनवारीवर चाललेला संसार असतो: काडीत साठलेल्या अन्नावर पानं आलेली असतात, खाली मूळ नसतं. या काळात काडी हलवली, उपटून बघितली किंवा उन्हात नेली की गेली. पहिली पानं येऊन वाढ थोडी थांबते आणि मग दुसरी, जोमदार फूट येते. ती दिसली की मुळं धरली असं समजा. तोवर माती नुसती ओलसर ठेवायची. मोठ्या कुंडीत हलवायची घाई दोन-अडीच महिन्यांच्या आत करू नका.

तुमच्या आहे त्या झाडावरच मामांच्या झाडाची काडी पाचर कलमाने बांधता येईल का, हे कुणीतरी सुचवेलच. येतं, पण हात बसलेला लागतो, आणि कलमाच्या खालून बियाण्याच्या झाडाचे धुमारे सारखे येत राहतात. स्वतःच्या मुळावरचं झाड घरी सोपं.

कुंडीबद्दल थोडक्यात. 18 इंच रुंद आणि तितकीच खोल पिशवी किंवा टब हवा. निळा ड्रम अर्धा कापला तर उत्तमच, पण ओल्या मातीसकट तो दीडशे किलोच्या घरात जातो, बाल्कनीचा विचार करून ठरवा. नुसत्या कोकोपीटवर हे झाड ठेवू नका, पावसाळ्यात ते वाळत नाही. निम्मी माती, उरलेल्यात शेणखत आणि जाड वाळू, आणि तळाची भोकं मोकळी. पहिल्या वर्षी तीन-चार खोडं ठेवून बाकीचे धुमारे काढत राहा. एकाच खोडावर झाड ठेवलं आणि त्याला खोडकिडा लागला तर सगळंच जातं. पहिली दोन वर्षं कळी आली तरी खुडा, जीव तुटला तरी. आणि घरात लहान मूल असेल तर कुंडी कोपऱ्यात ठेवा, काटे चांगलेच लागतात.

पुढे फळ धरलं की तीन गोष्टी सांभाळा. पहिल्या बहाराला पाच-सहा फळंच ठेवा, जोडीने आलेल्यांतलं एक काढा. फळ लिंबाएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू कळीवर आणि कोवळ्या फळावर अंडी घालतं, आणि अळी एकदा आत शिरल्यावर फवारून उपयोग नसतो. आणि पाणी. ताणाच्या वेळी जितकं निष्ठुर व्हायचं, तितकंच फळ वाढत असताना नियमित राहायचं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असं केलं की फळ तडकलंच. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, झाडावर फळ नसताना, रोग रोखायला एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायला हरकत नाही: एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे आणि त्याच दिवशी वापरून टाकायचे.

मामांच्या झाडावर तेल्या निघाला तर मन खट्टू होईल, पण मग गणेशचंच निरोगी रोप नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्या. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, राहुरीचं विद्यापीठ आहे, तिथे चौकशी करा. हल्ली सगळीकडे भगवाच पुढे करतात, तेव्हा गणेश हवा असं ठासून सांगावं लागेल. शहरातल्या नर्सरीत हातभर झुडपाला सुपारीएवढी डाळिंबं लगडलेली दिसतात, ती शोभेची बुटकी जात. खायच्या कामाची नाही, घेऊ नका.

आत्ता करण्यासारखं काम एकच: मामांना फोन करून झाडाच्या पानांचे, खोडाचे आणि असेल तर एखाद्या फळाचे फोटो मागवा, पानाचा फोटो उजेडाकडे धरून काढायला सांगा. ते इथे टाका, आणि सोबत गळलेली एक कळी उभी चिरून तिचाही.